पदवी आली, तालमीचे काय?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पुण्याची भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था, म्हणजेच एफटीआयआय, आणि कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशीनुसार, १९५६च्या आयोग कायद्यातील कलम ३ अन्वये, ‘विशिष्ट’ या श्रेणीत हा निर्णय झाला. पुण्याची संस्था १९६० पासून आणि कोलकात्याची १९९५ पासून विद्यार्थ्यांना पदविका देत आली. आता त्यांना पदव्युत्तर पदवी देता येईल, स्वतःचे अभ्यासक्रम आखता येतील, पीएच.डी.साठी संशोधक घेता येतील. सरकारने या निर्णयाचे श्रेय घेतले, माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्याचे स्वागत केले आणि वृत्तपत्रांनी एक दिवस त्याची दखल घेतली. त्यानंतर हा विषय मागे पडला.

खरे तर चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी होती. चित्रपट आणि नाटक या कलांचे शिक्षण नेमके कशाचे शिक्षण आहे, कारागिरीचे, कलेचे की ज्ञानशाखेचे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर आपण सोयीने टाळत आलो. त्याचे उत्तर वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या परीने दिले आणि ती उत्तरे एकमेकांशी कधीच जुळली नाहीत. एफटीआयआय माहिती व प्रसारण मंत्रालयाची, राष्ट्रीय नाट्य विद्यालय संस्कृती मंत्रालयाचे आणि विद्यापीठांतील नाट्य व चित्रपट विभाग शिक्षण खात्याचे. एकाच कलाव्यवहाराचे तीन पालक आणि तिघांच्या तीन नियमावल्या, अशी ही व्यवस्था आहे.

या विभागणीला इतिहास आहे. १९४९ मध्ये नेमलेल्या एस. के. पाटील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला. चित्रपटांसाठी अर्थपुरवठा करणारे महामंडळ आणि प्रशिक्षणासाठी संस्था असावी, या तिच्या महत्त्वाच्या शिफारशी होत्या. त्यांवर कार्यवाही व्हायला जवळपास एक दशक गेले. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० मध्ये आले आणि त्याच वर्षी पुण्यात प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे. शासनाचा चित्रपटाशी तोवरचा संबंध मुख्यत्वे कर, परवाने आणि सेन्सॉर यांपुरता होता. त्यामुळे संस्थाही त्याच मंत्रालयाच्या पदरात पडली. विद्यापीठांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे दिसत नाही. सिनेमा आपल्या आवारात शिकवला जावा, असे त्या काळच्या कुलगुरूंना वाटलेच नसावे. तंत्रशिक्षणाचे तसे नव्हते. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकवले जात होते आणि व्ही. के. मूर्ती व गोविंद निहलानी हे दोघेही तिथूनच आले. कॅमेरा हे यंत्र, म्हणून ते पॉलिटेक्निकमध्ये. सिनेमा ही करमणूक, म्हणून ती प्रसारण खात्याकडे. सिनेमा ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, या जाणिवेला मात्र खाते नव्हते.

नाटकाची वाट वेगळी आहे. नाट्यशास्त्र, संस्कृत नाटक आणि शेक्सपिअर हे विद्यापीठांच्या परिचयाचे विषय होते. शिवाय बडोद्यासारख्या संस्थानाने एकोणिसाव्या शतकातच संगीतशाळा काढली होती. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने संगीत व नृत्याबरोबर नाटकही पदवीच्या पातळीवर शिकवायला घेतले. पुढे कोलकात्याचे रवींद्र भारती, चंदिगडचे पंजाब विद्यापीठ, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ अशी मालिका तयार झाली. कालिकत विद्यापीठाने १९७७ मध्ये त्रिशूर येथे ‘स्कूल ऑफ ड्रामा’ काढले आणि त्याची धुरा जी. शंकर पिळ्ळै या नाटककाराकडे सोपवली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे, तर मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ ची. असे असूनही देशातील नाट्यशिक्षणाचे शिखर मानले गेले ते विद्यापीठाबाहेरचे दिल्लीचे विद्यालय. संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये ते स्थापन केले आणि १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी यांनी त्याला घडवले.

चित्रपटाने विद्यापीठात प्रवेश केला तो मागच्या दाराने आणि फार उशिरा. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग १९९३ मध्ये सुरू झाला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कला व सौंदर्यशास्त्र विभाग २००१ चा. तिथे चित्रपट, रंगभूमी आणि दृश्यकला एका छपराखाली आल्या. या विभागांतले पहिले अध्यापक साहित्य, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांतून आलेले होते. त्यांनी मोलाचे काम केले. हिंदी सिनेमाचा सामंती आणि भांडवली चौकटीशी असलेला संबंध, प्रादेशिक तारकांचे राजकारण, चित्रपटगृहातील प्रेक्षकांची रचना हे विषय त्यांच्यामुळे गांभीर्याने लिहिले-वाचले जाऊ लागले. तरीही या ज्ञानशाखेचा पायाभूत संदर्भग्रंथ, आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा १९९४चा भारतीय सिनेमाचा विश्वकोश, आपल्या कोणत्याही विद्यापीठाच्या प्रकल्पातून आलेला नाही, याची नोंद घ्यायला हवी.

परिणाम असा झाला की, चित्रपट करणारे एका आवारात आणि चित्रपटाचा विचार करणारे दुसऱ्या आवारात वाढले. एकीकडे संकलनावर पन्नास पाने लिहिणारा आणि संकलनाच्या टेबलावर एकदाही न बसलेला विद्यार्थी. दुसरीकडे उत्तम कापाकापी करणारा, पण आपल्याच भाषेतील सिनेमाचा इतिहास ऐकीव माहितीवर जाणणारा विद्यार्थी. हे चित्र थोडे भडक रंगवले आहे, हे मान्य. पुण्यात १९६० च्या दशकात सतीश बहादूर यांची चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. आग्र्यात अध्यापन करता करता फिल्म सोसायटी चालवणारा हा माणूस. त्यांनी आणि संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी उभा केलेला उन्हाळी रसास्वाद वर्ग हा भारतातील चित्रपट शिक्षणाचा सर्वांत यशस्वी प्रयोग मानावा लागेल. तो काही आठवड्यांचा असतो, त्याला पदवी नसते आणि त्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार, बँकेतले कर्मचारी एकत्र बसून चित्रपट पाहतात. हीच मंडळी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निमंत्रणावरून कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात गेली आणि नीनासमच्या अंगणात ग्रामीण प्रेक्षकांसाठी असे वर्ग झाले. नीनासमची रंगशाळा १९८० पासून चालू आहे आणि कन्नड रंगभूमीला तिने पुरवलेल्या कलावंतांची यादी एखाद्या विद्यापीठाला हेवा वाटावा अशी आहे. तीही कोणत्या विद्यापीठाच्या आश्रयाने उभी राहिलेली नाही. तेव्हा विद्यापीठाचा शिक्का आणि शिक्षणाची गुणवत्ता यांचे नाते आपोआप जुळते, असे कोणी समजू नये.

मग पदवी हवी कशाला? हा प्रश्न विचारणारे बहुधा ज्यांना पदवीची गरज नाही असे असतात. चित्रपटनिर्माता छायालेखकाकडे गुणपत्रिका मागत नाही, हे खरे आहे. पण झारखंडच्या किंवा विदर्भाच्या एखाद्या लहान गावातून आलेल्या मुलीला तीन वर्षांनी काम मिळाले नाही, तर तिच्या हातात काय राहते? पदविका पदवीच्या समकक्ष आहे की नाही, या वादात महाविद्यालयातील नोकरी, परदेशी शिष्यवृत्ती, सरकारी भरती अशा अनेक जागी उमेदवार अडकतात. घरात शिकलेली पहिलीच पिढी असेल तर पालकांना पटवण्यासाठीही ‘एम.ए.’ किंवा ‘एम.एफ.ए.’ ही अक्षरे उपयोगी पडतात. कलावंताला कागदाची काय गरज, हे वाक्य ज्याच्या पाठीशी मुंबईत घर आहे त्याच्या तोंडी शोभते. या दृष्टीने एप्रिलचा निर्णय योग्य आणि खूपच उशिरा झालेला आहे.

मात्र पदवीबरोबर पदवीची यंत्रणाही येते. तिचा अनुभव आपल्याकडे आहे आणि तो फारसा जुना नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये विद्यालयाच्याच विनंतीवरून तो रद्द झाला. अभिमत दर्जासाठी संस्था वर्षानुवर्षे दिल्लीच्या चकरा मारतात. मिळालेला दर्जा एखाद्या संस्थेने आपणहून परत करावा, ही घटना विरळाच. रंगकर्मींच्या आक्षेपाचा मथितार्थ असा होता की, तालमीवर उभे असलेले शिक्षण आयोगाच्या साच्यात बसवायला गेले तर साचा टिकेल आणि तालीम मोडेल. पुणे आणि कोलकात्याच्या बाबतीत निर्णय घेताना दिल्लीतील या सहा वर्षांचे लेखापरीक्षण कोणी केले का? केले असल्यास ते लोकांसमोर यायला हवे, कारण हाच एकमेव तुलनायोग्य दाखला आपल्यापाशी आहे.

साच्याचा अर्थ काय, हे दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. पहिले ठिकाण अध्यापकांच्या पात्रतेचे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत नाटक या विषयासाठी स्वतंत्र तरतूद आहे. नेट किंवा पीएच.डी. नसलेल्या, पण राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या संस्थेतून प्रथम श्रेणीत शिकलेल्या आणि रंगभूमीवर मान्यता मिळवलेल्या व्यावसायिक कलावंताला सहायक प्राध्यापक होता येते. संगीत, नृत्य, दृश्यकला यांनाही अशी वाट आहे. चित्रपटासाठी अशी नामनिर्देशित वाट नाही. नेटच्या विषयांच्या यादीतही ‘चित्रपट अभ्यास’ असा स्वतंत्र विषय नाही. या क्षेत्रातला उमेदवार जनसंज्ञापन किंवा अन्य जवळच्या विषयात परीक्षा देतो आणि सिनेमावर आयुष्य घालवायचे ठरवलेल्या माणसाला वृत्तसंस्थांच्या इतिहासावरचे प्रश्न सोडवावे लागतात. आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय आणली. पण त्या जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त ४ वर्षेच मिळतात. इंजिनीअरिंग महाविद्यालयात एखादा उद्योजक पाहुणा म्हणून आणायला ही सोय पुरेशी असेल. ज्या संस्थेत जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने सेटवर काम केलेले असायला हवे, तिथे १० टक्के म्हणजे थट्टाच. ऋत्विक घटक १९६० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात उपप्राचार्य होते. त्यांचा तो काळ अल्प, पण मणी कौल आणि कुमार शहानी यांच्या पिढीवर त्याचा ठसा उमटला. आजच्या तक्त्यात घटकांना कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे उत्तर एखाद्या कुलसचिवाने द्यावे.

दुसरे ठिकाण वेळेच्या हिशेबाचे. हा मुद्दा कोरडा आहे, पण सगळी मेख त्यातच आहे. सध्याच्या श्रेयांक पद्धतीत १५ तासांच्या व्याख्यानाला एक श्रेयांक मिळतो आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक. म्हणजे हाताने केलेल्या कामाची किंमत ऐकलेल्या व्याख्यानाच्या निम्मी. समजा, एका नाटकाची तालीम दिवसाला ६ तास, आठवड्याला ६ दिवस, अशी ८ आठवडे चालली. एकूण २८८ तास झाले. त्याचे श्रेयांक ९.६. एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक लागतात. तेव्हा दोन महिने घाम गाळून विद्यार्थ्याने अर्धे सत्रही भरलेले नसते. उरलेल्या श्रेयांकांसाठी त्याला त्याच सत्रात व्याख्याने, निबंध, सादरीकरणे करावी लागतात. मग होते काय? तालीम संध्याकाळी सहानंतर ढकलली जाते, नाटक सत्राच्या शेवटी उरकले जाते आणि नेपथ्य वा प्रकाशयोजना शिकणाऱ्याला प्रयोगाच्या आदल्या रात्री रंगमंच मिळतो. ज्या विद्यापीठांत नाट्यविभाग आहेत, तिथल्या अध्यापकांना हे चित्र नवे नाही. चित्रपटात ते अधिक बिकट होते. चित्रीकरणासाठी पाऊस, परवानगी, कॅमेऱ्याची उपलब्धता, सहकारी विद्यार्थ्याचा ताप या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो आणि यांपैकी कोणीही सत्राचे वेळापत्रक वाचत नाही.

वेळेचा हा तिढा पुण्यात पूर्वी टोकाला गेलेला आहे. २०१५ च्या संपाची आठवण सर्वसाधारणपणे अध्यक्षपदावरील नियुक्तीच्या वादापुरती राहिली. १२ जूनपासून १३९ दिवस चाललेल्या त्या संपात ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, ती मात्र वेगळ्या कारणावरून. २००८ च्या तुकडीचे पदविका चित्रपट सात वर्षांनंतरही अपूर्ण होते आणि आहे त्या स्थितीत त्यांचे मूल्यमापन करावे, असा प्रशासनाचा आग्रह होता. विद्यार्थ्यांनी त्यावरून संचालकांना घेराव घातला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला सात वर्षे लागावीत, याचे समर्थन कोणीच करणार नाही. जागा अडतात, वसतिगृह तुंबते, पुढच्या तुकड्या खोळंबतात. पण अपुरी सामग्री, रिक्त पदे आणि वारंवार बदलणारा अभ्यासक्रम यांमुळे साचलेली थकबाकी विद्यार्थ्यांच्या आळशीपणाच्या खाती टाकता येत नाही. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर वेळापत्रक पाळण्याची सक्ती वाढेल. सामग्री आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत, तर ‘आहे त्या स्थितीत मूल्यमापन’ हीच रीत होऊन बसेल.

याच्या उलट बाजूचा दाखलाही पुण्याचाच आहे. २०२४ च्या कान महोत्सवात चित्रपट शाळांसाठीच्या ‘ला सिनेफ’ विभागात पहिले पारितोषिक मिळालेला चिदानंद नाईक यांचा लघुपट हा दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमातील काम होते. कमी मुदत आणि कमी साधने असूनही उत्तम काम होते, असा त्याचा अर्थ काढण्याचा मोह प्रशासनाला होईल. मला त्यातून दिसते ते एवढेच की, अभ्यासक्रमाचे नाव, त्याचा कालावधी आणि कामाची प्रत यांच्यात सरळ गणित नाही. त्याच वर्षी कानमध्ये ‘ग्रां प्री’ मिळवणाऱ्या पायल कपाडिया २०१५ च्या संपात सहभागी होत्या आणि त्यांच्यावर गुन्हाही दाखल झाला होता. त्यांच्या यशाचे अभिनंदन करणाऱ्या सरकारी संदेशांत त्या खटल्याचा उल्लेख नव्हता.

आता स्वातंत्र्याचा प्रश्न. विद्यापीठ म्हटले की शैक्षणिक स्वायत्तता गृहीत धरली जाते. प्रयोगशाळेत जसा प्रयोग चुकू शकतो, तसा वर्गातला नाट्यप्रयोगही चुकू शकतो आणि त्याचा निवाडा परीक्षकांनी करायचा असतो. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या एका प्रयोगात अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी शिरून तो बंद पाडला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीवर ते नाटक होते. पुढे विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांनाच अटक झाली. नाटक चांगले होते की वाईट, त्यातील विनोद सुसंस्कृत होते की सवंग, यावर मतभेद असू शकतात. परंतु विद्यार्थ्याच्या प्रयोगाबद्दल त्याच्या प्राध्यापकाला कोठडी मिळणार असेल, तर यापुढे विभागप्रमुख संहिता निवडताना काय करतील, हे सांगायला नाट्यशास्त्राची पदवी लागत नाही. विद्यापीठाच्या दर्जाने तिथे कोणतेही संरक्षण दिले नाही. एफटीआयआयला तो मिळाल्यामुळे तिथे ते मिळेल, असे मानण्याला आधार नाही. उलट, अध्यक्षपदी किंवा कुलपतिपदी कोण बसणार, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच राहणार असेल, तर २०१५ चा मूळ वाद जिथे होता तिथेच आहे.

या शिक्षणाच्या दारातून कोण आत येते, ही बाब बहुतेक चर्चांत शेवटी येते आणि उरकली जाते. दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणाऱ्या शुल्काविरुद्ध एफटीआयआयच्या विद्यार्थ्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये उपोषण केले होते. अभिमत विद्यापीठे म्हणजे चढे शुल्क, हे समीकरण देशात रूढ आहे. या दोन सरकारी संस्थांना ते लागू होणार नाही, अशी लेखी हमी पालकांना मिळायला हवी. शुल्काइतकीच भाषाही दार अडवते. दिल्लीच्या नाट्य विद्यालयाचा व्यवहार हिंदीत, पुणे-कोलकात्याच्या चित्रपट संस्थांचा प्रामुख्याने इंग्रजीत. मणिपुरी किंवा तमिळ अभिनेत्याने तीन वर्षे परक्या भाषेत संवाद म्हणायचे, ज्या भाषेत त्याचा श्वासही वेगळ्या जागी तुटतो, आणि मग आपल्या गावी परतून आपल्या रंगभूमीची सेवा करायची, ही अपेक्षा विचित्र आहे. बंगळूर, गंगटोक, आगरतळा, वाराणसी येथील केंद्रांनी विद्यालयाने ही अडचण काही अंशी कमी केली. ती केंद्रे मुख्यत्वे एका वर्षाच्या अभ्यासक्रमांची आहेत.

आणि जात. केरळ सरकारच्या कोट्टयम येथील के. आर. नारायणन दृश्यविज्ञान व कला संस्थेत डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी संप पुकारला. प्रवेशात आरक्षण डावलले जाते आणि सफाई कर्मचाऱ्यांना संचालकांच्या घरी राबवले जाते, असे त्यांचे आरोप होते. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांनी राजीनामा दिला. आरोप अमान्य करत संस्थेचे अध्यक्ष अदूर गोपालकृष्णन यांनीही पद सोडले. अदूर हे पुण्याच्या संस्थेचे सर्वांत मान्यवर विद्यार्थी आणि भारतीय समांतर सिनेमाचे आधारस्तंभ. त्यामुळेच हा प्रसंग अस्वस्थ करणारा होता. देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतींच्या नावाने उभारलेल्या संस्थेत हे घडावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. ‘गुणवत्ता’ आणि ‘कल’ या शब्दांच्या आड प्रवेशाच्या मुलाखतीत काय काय घडते, याचा अभ्यास करायला नव्या विद्यापीठांना पीएच.डी.चे पहिले विद्यार्थी लावता येतील.

संशोधनाचा विषय निघालाच आहे, तर संग्रहाबद्दलही बोलायला हवे. इतिहासाच्या विभागाला जसे दफ्तरखाने, तसे चित्रपट अभ्यासाला जुने चित्रपट. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातील आगीत मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या अनेक नायट्रेट फिती कायमच्या गेल्या. २०१४ मध्ये केंद्राने सुमारे ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान मंजूर केले, हे स्वागतार्ह. पण २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. संग्रहालय आता कंपनी कायद्याखालील एका संस्थेचा भाग आहे. शेजारच्या रस्त्यावरचे विद्यापीठ पीएच.डी. देणार आणि त्याला लागणारा ऐवज एका महामंडळाकडे असणार. संशोधकाला चित्रपट पाहण्यासाठी किती दराने, किती दिवसांत आणि कोणाच्या परवानगीने मिळेल, याचा करार दोन्ही संस्थांमध्ये अभ्यासक्रम सुरू होण्याआधी व्हायला हवा.

दरम्यान सरकारचे लक्ष दुसरीकडे वळलेले दिसते. मुंबईत अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांसाठी भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहत असून तिच्यासाठी सुमारे ४०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आहे. आयआयटीच्या धर्तीवर ती असावी, असे सांगितले जाते. अरुणाचल प्रदेशात केंद्राची तिसरी चित्रपट संस्था सुरू झाली, पण पहिल्याच तुकडीला २०२५ मध्ये अपुऱ्या सुविधांबद्दल वर्गांवर बहिष्कार टाकावा लागला. इमारत पुरी होण्याआधी उद्घाटन उरकण्याची आपली राष्ट्रीय सवय येथेही सुटलेली नाही. ‘सर्जनशील अर्थव्यवस्था’ हा शब्द सध्या प्रत्येक भाषणात असतो. त्यात रोजगार आहे, याबद्दल शंका नाही. पण त्या हिशेबात नाटक कुठेच बसत नाही. त्याला निर्यातमूल्य नाही, त्याचे सॉफ्टवेअर नसते, आणि एका खोलीत वीस माणसे दोन महिने एकत्र राबल्याशिवाय ते उभे राहत नाही. विद्यापीठांतील नाट्यविभागांत कायमस्वरूपी पदे वर्षानुवर्षे न भरता तासिका तत्त्वावर काम भागवले जाते, त्यामागे हाच दृष्टिकोन आहे.

तातडीने करण्याजोगी कामे फार अवघड नाहीत. आयोगाने नाटकाला दिलेली व्यावसायिक कलावंताची वाट चित्रपटातील दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन, पटकथा आणि कलादिग्दर्शन या शाखांना एका दुरुस्तीने देता येईल. तालीम आणि चित्रीकरणाचा तास व्याख्यानाच्या तासाबरोबरीने मोजावा, ही मागणी नाट्य आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतल्या विभागांनी एकत्र केली तर ती फेटाळणे कठीण जाईल. ‘विशिष्ट’ श्रेणीला काही अर्थ असेल तर तो इथेच दिसायला हवा. पीएच.डी.चा प्रबंध म्हणून चित्रपट किंवा नाट्यप्रयोग आणि त्यासोबतचे विवेचन स्वीकारण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे. ती नसेल तर नव्या विद्यापीठांतून दिग्दर्शकांऐवजी दिग्दर्शकांवर लिहिणारेच डॉक्टर बाहेर पडतील. जादवपूर, हैदराबाद, त्रिशूर, बडोदा येथील विभागांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करायला तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेता येणे, हाच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा गाजावाजा झालेला लाभ आहे. सत्यजित राय संस्था आणि जादवपूर विद्यापीठ एकाच शहरात, काही किलोमीटरवर आहेत.

अभिमत दर्जाची अधिसूचना निघाली आहे. तिच्याखालचे नियम प्रत्येक संस्थेला आपापल्या विद्या परिषदेत करायचे आहेत. त्या नियमांत अध्यापकांच्या पहिल्या जाहिरातीतील पात्रतेची अट, पहिल्या पदवी तुकडीचा शुल्कतक्ता आणि पहिल्या सत्राचे वेळापत्रक हे तीन कागद असतील. तिन्ही सार्वजनिक असतात आणि ते वाचायला फार वेळ लागत नाही.